एकोणीस नंबरची रिकामी जागा

५ जानेवारी

आज मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. मोठे साहेब म्हणजे आमच्या हवाई तळाचे प्रमुख. त्यांना येऊन चार महिने झाले, आणि चार महिने झाले की प्रत्येक मोठ्या साहेबाला काहीतरी सुचतंच. मागच्यांना कारंजं सुचलं होतं, ते अजून गळतंय. यांना इतिहास सुचलाय.

"तळाला पंचाहत्तर वर्षं होताहेत. बावीस फेब्रुवारीला समारंभ. त्या दिवशी स्मरणिका हवी. तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं आहात, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

रेकॉर्ड रूम कुठल्या मजल्यावर आहे हे साहेबांना बहुधा आजच कळलं असावं. मी म्हटलं, "किती पानं, सर?"

"शंभर. आणि शौर्य जरा ठळक दिसू द्या."

बरं. आधी ते कुठल्या कपाटात आहे ते शोधते.

जाता जाता हेही कळलं की जुनी टूल रूम पाडून तिथे कँटीन होणार. इतिहास लिहायचा आणि त्याच महिन्यात पाडायचा, कामाची घाई आहे सगळ्यांना.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा जेवणानंतरचे चमचे मोजत होते. आई गेल्यापासून घरात माणसं दोन, चमचे बारा, त्यातले दहा वर्षानुवर्षं डबा सोडून बाहेर आलेले नाहीत. पण रोज बाराही बाहेर निघणार, ओट्यावर ओळीने लागणार, मोजले जाणार आणि मग स्वयंपाकघराचा दिवा बंद होणार. वय एक्क्याऐंशी. डॉक्टर म्हणतात, करू द्या, त्रास काय आहे? त्रास डॉक्टरांना नाहीच आहे.

"टूल रूम पाडणार?" बाबांनी एवढंच विचारलं. इतिहासाबद्दल अवाक्षर नाही. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, कारण मी मध्ये बोलले होते.

त्यांनी इतिहासाबद्दल न विचारलेलंच बरं. बाबा याच तळावर मेकॅनिक होते. शेहेचाळीस वर्षांपूर्वी काढून टाकलं. विमानाच्या शेपटीत एकोणीस नंबरचा पाना विसरले. तो आत सरकून अडकला, विमान उडाल्यावर वळेना. वैमानिक छत्री उघडून उतरला म्हणून वाचला, पाय मात्र मोडला. विमान शेतात जळून गेलं. त्यानंतर बाबांनी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या आणि मी शाळेत 'पानेवाल्याची' म्हणून ओळखली गेले. चौदा वर्षांची असताना मी एकदा भर जेवणात ओरडले होते, "एक पाना सांभाळता आला नाही तुम्हाला!" बाबांनी ताटातलं संपवलं. जेवण झाल्यावर उठून चमचे मोजले.

९ जानेवारी

शौर्याचा शोध चालू आहे.

तळ बांधला युद्धासाठी. रात्रंदिवस माणसं राबवून धावपट्टी तयार केली, आणि ती वाळली त्याच्या अकरा दिवस आधी युद्ध संपलं. पुढच्या युद्धात शत्रूला फसवायला सुतारांकडून चौदा लाकडी विमानं करून मैदानात मांडली. शत्रू काही फिरकला नाही. आपल्याच एका वैमानिकाला मात्र ती खरी वाटली, आणि आपलं विमान त्यांच्या रांगेत उभं करायला जाताना त्याने पंख दोन लाकडी विमानांना घासला. त्याची चौकशी झाली. अहवालात सुतारकामाची स्तुती आहे.

पाडलेली शत्रूची विमानं: शून्य. पाडलेले पक्षी: तीन वह्या भरून.

थट्टा बाजूला ठेवली तर एक प्रकरण खरंच चांगलं आहे. महापुराच्या वर्षी नऊ दिवस इथून धान्याची पोती आणि औषधं गेली. दिवसाला बावीस फेऱ्या. मेकॅनिक पंखांखालीच झोपायचे. त्या यादीत बाबांचं नाव आहे, चौथं. मी यादी छापायला घेतली आहे, पण 'आणि इतर' पहिल्या तीन नावांनंतर लिहू की पाच, ते अजून ठरत नाही. असा प्रश्न मला पडावा याची लाज वाटते. पण पडलाय खरा.

१४ जानेवारी

मामा आले होते. आईचे धाकटे भाऊ. वय सत्तर, इस्त्रीचा शर्ट, कंगवा खिशात. आल्या आल्या, "काय भाचीबाई, आम्हाला इतिहासात जागा आहे ना?" माझी नोकरी मामांनीच लावली, मला कॉलेजात नाव घालायला तेच घेऊन गेले. त्यांना जागा नसेल तर कोणाला असणार?

मामा टूल रूमचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आधी तेही मेकॅनिकच. बाबांना काढल्यावर त्यांची बदली तिकडे झाली आणि तिथून पुढे छत्तीस वर्षांत एकही अवजार हरवलं नाही. पूर्ण पानाचा लेख देणार आहे. मथळाही ठरला: 'छत्तीस वर्षं, एकही अवजार हरवलं नाही'. समारंभात त्यांचा सत्कार आहे, नातवंडं विमानाने येणार आहेत.

वाचकांसाठी पद्धत समजावून घेतली. टूल रूममध्ये भिंतभर लाकडी फळा. प्रत्येक अवजाराच्या जागी त्याचीच काळी आकृती रंगवलेली, म्हणजे अवजार उचललं की रिकामी जागा लांबूनही डोळ्यांत भरते. प्रत्येक मेकॅनिकला त्याच्या नंबरचे पाच पितळी बिल्ले. पाना घेतला की त्याच्या खिळ्याला आपला बिल्ला अडकवायचा, परत ठेवला की बिल्ला काढून घ्यायचा. संध्याकाळी मोजणी. एक जागा जरी रिकामी असली तरी एकही विमान हलत नाही. मामांचा बावीस नंबरचा बिल्ला अजून त्यांच्या किल्ल्यांना आहे, चकचकीत. बाबांचा होता सतरा.

हे सगळं मामा सांगत होते तेव्हा बाबा समोरच बसून होते. सगळं ठाऊक असलेला माणूस पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीही ऐका, उशीर झालाय थोडा." मामा एकदम म्हणाले, "असं बोलू नये गं." आणि चहा तसाच टाकून उठले. मामा फार हळवे आहेत. मी तिसरीत असताना, सहामाहीच्या आधी, माझे टॉन्सिल काढले होते, तेव्हाही असंच. बाबा सकाळपासून माझ्या उशाशी स्टुलावर बसून होते. संध्याकाळी मामा आइस्क्रीम घेऊन आले आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकवून रडले. टॉन्सिलसाठी! शेवटी बाबाच त्यांना घेऊन बाहेर गेले, "अर्ध्या तासात येतो" म्हणून, आणि आले दोन तासांनी. तोवर माझं आइस्क्रीम वितळून गेलं. मामांचं प्रेम हे असं. बाबांनी माझ्यासाठी कधी डोळ्यांतून टिपूस काढलेलं मला आठवत नाही.

१९ जानेवारी

बाबांनी आज मला काहीतरी मागितलं. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"टूल रूम पाडायच्या आधी मला एकदा आत नेशील?"

बडतर्फ माणसाला तळावर प्रवेश नाही. म्हणजे शेहेचाळीस वर्षं बाबा या गावात राहताहेत, विमानांचे आवाज ऐकून कोणतं इंजिन खोकतंय ते सांगताहेत, आणि फाटकाच्या आत पाऊल नाही. समारंभाच्या दिवशी मात्र कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास मिळतात. यादी करणारी बाई कोण? मीच.

मी म्हटलं, "पास फार थोडे आहेत, बाबा."

"असू दे," ते म्हणाले.

माझ्या टेबलाच्या खणात चाळीस कोरे पास पडून आहेत. खरं सांगायचं तर मोठ्या साहेबांना मी ओळख काय करून देऊ? सर, हे माझे वडील, तुमचं एक विमान यांनीच जाळलं?

२७ जानेवारी

सकाळी साडेसहाला धावपट्टीवर. कारण काय, तर लेखिकेने 'प्रत्यक्ष अनुभव' घ्यावा असं साहेबांना वाटलं. रोज पहिल्या उड्डाणाआधी पंचवीसेक माणसं खांद्याला खांदा लावून धावपट्टीभर चालत जातात आणि खडा, खिळा, स्क्रू जे दिसेल ते उचलतात. इंजिनाने एक खडा गिळला तरी करोडोंचं यंत्र बसतं. सगळे माना खाली घालून चालले होते. साहेब फोटोग्राफरकडे बघत चालले होते. मला एक बटण सापडलं. ते साहेबांचंच निघालं.

२ फेब्रुवारी

अपघाताची फाइल मिळाली. मिळाली म्हणजे काय, ती कुठे आहे ते मला तीस वर्षं माहीत होतं. तिसरं कपाट, खालचा कप्पा, लाल नाडी. मी तिथला केर काढताना दुसरीकडे बघायचे.

नऊ सप्टेंबर, सकाळी अकरा दहाला विमान उडालं, अकरा चौदाला पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीने टूल रूमला सील लावलं. फळ्याचा फोटो आहे. एकोणीसची जागा रिकामी आणि खिळ्याला सतरा नंबरचा बिल्ला. तो बिल्ला स्वतः पाकिटात आहे, हिरवा पडलेला. आणि बाबांचा कबुलीजबाब, तीन ओळी: पाना मी आदल्या दिवशी, आठ तारखेला, घेतला. विमानात विसरलो. चूक माझी आहे.

अक्षर किती सुबक. चूकसुद्धा टापटिपीने केलेली.

आणखी गंमत म्हणजे आठ सप्टेंबरच्या संध्याकाळच्या मोजणीचं पान: 'सर्व अवजारं जागेवर.' खाली टूल रूमच्या तेव्हाच्या प्रमुखांची सही. पाना विमानाच्या शेपटीत आणि हे महाशय इकडे सही करताहेत! न मोजताच ठोकली असणार. म्हणजे एक विसरणारा आणि एक न बघणारा. असा हा आपला गौरवशाली तळ. साहेबांना हे पान चालणार नाही, पण मला फार आवडलं.

रागाने लिहितेय, कळतंय मला. पण आज घरी आल्यावर बाबांनी चमचे ओळीने लावले तेव्हा मला डबाच उचलून फेकावासा वाटला.

६ फेब्रुवारी

रात्र बरीच झालीये. तरी लिहिते.

पुराच्या प्रकरणासाठी आस्थापना विभागाचे जुने हजेरीपट मागवले होते. ते वेगळ्या इमारतीत असतात. त्या विभागाचं आणि तांत्रिक विभागाचं तेव्हा बोलणं बंद होतं, आणि आताही ते फारसं सुरू झालेलं नाही. चुकून सप्टेंबरचा गठ्ठाही आला. त्यात एक रजेचा अर्ज. सुबक अक्षर.

'मुलीच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी दिनांक ९ सप्टेंबर रोजी एक दिवसाची रजा मिळावी.' मंजूर.

नऊ सप्टेंबर. बाबा त्या दिवशी तळावर नव्हतेच. माझ्या उशाशी होते. स्टुलावर.

मग मी वेडी ते मोजणीचं पान घेऊन बसले, जे चार दिवसांपूर्वी मला विनोदी वाटलं होतं. आठ तारखेला संध्याकाळी सगळी अवजारं जागेवर होती. मोजणारा झोपला नव्हता. त्याने बरोबर मोजलं होतं. पाना नऊ तारखेला सकाळी कोणीतरी उचलला. आणि सतरा नंबरचा बिल्ला त्या खिळ्याला अडकला तो नऊच्या संध्याकाळी, सील लागायच्या आधी.

दोन तास. माझं आइस्क्रीम वितळलं ते दोन तास.

चौकशी समितीने हजेरीपट मागवलाच नाही. हातात कबुली आहे म्हटल्यावर कागद कोण वाचतो? मीही तीस वर्षं वाचला नाही. माझा तर पगारच कागद वाचायचा आहे.

७ फेब्रुवारी

बाबांपुढे अर्ज ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग म्हणाले, "मंजुरीची सही राहिलीये असं मला वाटायचं. आहे की."

"बाबा, कोणाचा पाना होता?"

"आता कशाला?"

"मामांचा. हो ना?"

बाबांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "घाईत होता. बिल्ला न लावताच उचलला त्यानं. त्याला आधी एक ताकीद मिळालेली होती, ही दुसरी झाली असती तर तुरुंग. लग्न दोन महिन्यांवर. मला वाटलं, आपलं नाव स्वच्छ आहे, आपल्याला फार तर बढती देणार नाहीत."

"आणि?"

"आणि माझा अंदाज चुकला."

"आईला माहीत होतं?"

"बिल्ला घरीच होता, दुसऱ्या शर्टाच्या खिशात. तिनंच काढून दिला. म्हणाली, मला एकच भाऊ आहे."

मी रडले. चांगली मोठ्याने रडले, चोपन्न वर्षांच्या बाईने रडू नये तशी. विचारलं, मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला काय काय बोलले! बाबा म्हणाले, "तुझा स्वभाव मला माहीत आहे. मामानं लावलेली नोकरी तू दुसऱ्या दिवशी सोडून आली असतीस. मग खाल्लं काय असतंस, सायकलची ट्यूब?"

हा त्यांचा विनोद होता. म्हणजे बाबा विनोदी आहेत. हेही मला आजच कळलं.

८ फेब्रुवारी

मामांकडे गेले. अर्जाची आणि मोजणीच्या पानाची प्रत टीपॉयवर ठेवली. मामांनी कंगवा काढला, परत ठेवला.

"छत्तीस वर्षं एकही अवजार हरवू दिलं नाही मी. का, ते तुला कळतंय ना?"

"मला कळतंय हो. बाबांना त्याचा काय उपयोग झाला?"

"सांगणार होतो. आधी नवीन लग्न होतं. मग मुलं लहान. मग वाटलं, आता सगळे विसरलेत."

"कोण विसरलं, मामा? आमच्या घरी रोज चमचे मोजतात."

मामांनी विचारलं, हे स्मरणिकेत छापणार का. मी म्हटलं, बाबा नको म्हणालेत, म्हणून नाही छापत. तुमचा लेखही राहील, फक्त मथळा काढतेय. आणि बावीस तारखेला बाबांना मी घेऊन येणार आहे.

मामांनी मान हलवली. होकार की नकार, ते त्यांनाही माहीत नसावं. जन्मभर ज्यांना देव मानलं त्यांच्या घरून चहाही न घेता निघाले. मला त्यांचा संताप येतो आणि कॉलेजात नाव घालताना त्यांनी धरलेला हातही आठवतो. दोन्ही एकदम होतंय, काय करू?

१५ फेब्रुवारी

स्मरणिका छपाईला गेली. पुराच्या यादीत आता 'आणि इतर' नाही. सगळी एकसष्ट नावं आहेत. साहेब म्हणाले, "एवढी नावं कोण वाचणार?" मी म्हटलं, "ज्यांची आहेत ते, सर."

दुसरं म्हणजे मी साहेबांना प्रदर्शन सुचवलं. जुन्या टूल रूममध्येच, पाडायच्या आधी, सत्कारमूर्तींच्या हस्ते उद्घाटन. साहेबांना आपल्यालाच सुचल्यासारखा आनंद झाला. समितीने सील केलेला तो फळा मोडक्या खुर्च्यांमागे उभा होता. पुढे नवा केल्यावर याला कोणी हात लावला नव्हता. धूळ पुसली. फोटोत होता अगदी तसा लावला. फाइलमधला सतरा नंबरचा बिल्ला एकोणीसच्या खिळ्याला अडकवला. खाली चिठ्ठी, माहिती, काहीही नाही. रेकॉर्ड रूमचं काम जे होतं ते तसंच ठेवण्याचं.

पहिला पास बाबांच्या नावाने लिहिला. नातं: वडील.

२२ फेब्रुवारी

सकाळी पाहुण्यांनाही धावपट्टीवर चालवलं, साहेबांची कल्पना. बाबा ओळीच्या टोकाला, काठी काखेत मारून, मान खाली घालून. ते वाकताना मला धडकी भरली. उठले तेव्हा हातात एक नट होता. पंचवीस जवान ती जागा नुकतेच चालून गेले होते. बाबांनी तो साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ट्रॉलीच्या चाकाचा आहे. दुसराही ढिला असेल, बघून घ्या." साहेबांनी "वा, वा" केलं आणि नटाचं काय करायचं ते न कळून खिशात घातला.

मग टूल रूम. फीत मामांनी कापली. टाळ्या झाल्या. मामा आत दोन पावलं गेले आणि थांबले.

मी त्यांच्या मागेच होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, चल, पुरे, तो बिल्ला काढून टाकावा. नातवंडं समोर उभी होती. पण माझे पाय हलले नाहीत.

साहेब माहिती द्यायला लागले, "आणि हा आपला ऐतिहासिक—" तेवढ्यात मामा फळ्याजवळ गेले. खिशातून किल्ल्या काढल्या. कडीतून बिल्ला निघेना, नख मोडलं. शेवटी निघाला. बावीस नंबर. मामांनी तो सतरावर अडकवला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पाना माझ्याकडे होता, साहेब," मामा म्हणाले. "यांच्याकडे नव्हता. शेहेचाळीस वर्षं माझ्याकडेच होता." आणि नातवंडांकडे न बघता बाबांच्या पायाशी वाकायला लागले.

बाबांनी त्यांना दंडाला धरून सरळ केलं. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुझं, वाकतोस काय?" म्हणाले. मग फळ्याकडे वळले, बावीस नंबर हलकेच बाजूला सारून खालचा सतरा काढून घेतला, आणि बावीस पुन्हा नीट सरळ लावला. सतरा रुमालाने पुसला आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकला.

"चल," मला म्हणाले. "झालं माझं काम."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने पास परत मागितला. बाबांनी तो दिला नाही. मीही त्याला काही सांगितलं नाही, बघत राहिले दुसरीकडे. तेवढा सराव आहे मला.

घरी जेवलो. बाबा उठले, हात धुतले आणि थेट आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले. पाचच मिनिटांत घोरायला लागले. स्वयंपाकघराचा दिवा तसाच चालू.

मी थोडा वेळ थांबले. मग डबा काढला, ओट्यावर ओळीने लावले आणि मोजले. बारा आहेत.